जागा बळी मागते म्हणे

दासगाव खिंडीपासून पोलादपूरच्या पुढं काशेडी घाटापर्यंत महामार्गावर कुठंही उभं राहून विचारा. जुनी माणसं बोट दाखवून सांगतील, त्या वळणावर जागा आहे. जागा म्हणजे जागेवाला. त्याचा मान राखला नाही तर तो बळी घेतो. म्हणून ट्रकवाला तिथं हॉर्न वाजवतो, क्लीनर उतरून नारळ फोडतो, एस.टी.तली बाई खिडकीतून नाणं टाकते. बुद्धवंदना तोंडपाठ असलेली आमची माणसंसुद्धा घाट लागला की हळूच हात जोडतात. मी त्यांना हसत नाही. ज्या ठिकाणी माणसं पुन्हा पुन्हा मरतात त्या ठिकाणातच काहीतरी आहे, एवढं त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना कळलेलं आहे. शिकलेल्यांना तेवढंही कळत नाही. ते पेपर घडी करून ठेवतात आणि म्हणतात, ड्रायव्हर प्यालेला असेल.

जागेवाला सरकारकडंही आहे. तिथं त्याला ब्लॅक स्पॉट म्हणतात. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं त्याची व्याख्या केली आहे. राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा, जिथं तीन वर्षांत मरणाचे किंवा जबर दुखापतीचे पाच अपघात झाले, नाहीतर तीन वर्षांत मिळून दहा माणसं मेली. तेवढं झालं की तो तुकडा यादीत चढतो. मग पाहणी, मग अंदाजपत्रक, मग टेंडर. कोकणातला जागेवाला एका नारळावर भागवतो. सरकारी जागेवाल्याचा मान मोठा आहे.

मला या लेखात एकच प्रश्न विचारायचा आहे. जे मरण कुठं होणार ते ठाऊक आहे, साधारण किती जणांचं होणार ते ठाऊक आहे, आणि कशानं टळेल तेही ठाऊक आहे, त्याला अपघात म्हणायचं का? म्हणायचं नसेल, तर ते कुणाच्या नावावर लिहायचं?

आपल्या मराठीत या शब्दातच घात बसलेला आहे. घात म्हटलं की घात करणारा कुणीतरी असतो. पण बोलताना आपण असं बोलतो की जणू पाऊस पडला. अपघात झाला. कुणी केला? झाला. वरून मग म्हणी तयारच आहेत. काळ आला होता पण वेळ आली नव्हती. सहाव्या रात्री सटवी येऊन कपाळावर लिहून गेली होती. आणि सटवीचं भागलं नाही तर रस्त्याच्या कडेची पाटी आहे, अति घाई संकटात नेई. म्हणजे मेलास तो तुझ्या घाईनं मेलास.

दोस्तहो, हे बोलणं आपल्याला नवीन नाही. तू महार का झालास? मागच्या जन्मी पाप केलंस. तू उपाशी का? तुझं कर्म. तू रस्त्यात का मेलास? तू हेल्मेट घातलं नव्हतंस, तू बघून रस्ता ओलांडला नाहीस. मेलेल्याच्याच गळ्यात त्याच्या मरणाची चिठ्ठी बांधायची ही युक्ती फार जुनी आहे. तथागताच्या काळीही सगळं नियतीवर सोडणारे होते, मक्खली गोसाल त्यातलाच. बुद्धानं ते मानलं नाही. त्यानं कारणं शोधायला सांगितलं. हे आहे म्हणून ते आहे, हे नसेल तर ते नसेल. प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात तो हाच. विहारात आपण तो शब्द ऐकतो, घरी येतो, आणि महामार्गावर कुणी मेलं की सटवीचं नाव घेतो.

हेल्मेट घालू नका असं मी म्हणत नाही. घाला. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले, असा सरकारचाच आकडा आहे. पण त्याच वर्षी रस्त्यावर एकूण मेले १,६८,४९१. आपल्या महाराष्ट्रात १५,२२४. एवढ्या सगळ्यांच्या कपाळावर सटवीनं एकच मजकूर लिहिला असेल, तर ती लिहिणारी नसून छापखाना चालवणारी असली पाहिजे.

आता बाबासाहेबांच्या अपघाताची गोष्ट सांगतो. पुष्कळांना ठाऊक आहे, पण आपण ती फक्त अस्पृश्यतेची गोष्ट म्हणून सांगतो. ती रस्त्याची गोष्ट पण आहे.

१९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारनं समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सभासद. खानदेशातलं एक बहिष्काराचं प्रकरण पाहून ते परत निघाले आणि चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी आग्रह केला, एक रात्र आमच्याकडं राहा. स्टेशनवर त्यांना बराच वेळ थांबावं लागलं. मग टांगा आला. बाबासाहेब बसले. थोडं अंतर गेले नाहीत तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता राहिला. त्यांना नवल वाटलं, हा रोजचा टांगेवाला असा कसा हाकतो? पुढं नदीवरची फरशी लागली. बाबासाहेबांनी त्या फरशीचं वर्णन करून ठेवलं आहे ते नीट वाचण्यासारखं आहे. पुलाला असतात तसे कठडे तिला नव्हते. कडेला पाचपाच दहादहा फुटांवर नुसते दगड रोवलेले. आणि रस्ता त्या फरशीला काटकोनात येऊन मिळत होता. पहिल्याच दगडाशी घोडा सरळ जायचा तो वळला आणि उधळला. चाक दगडावर आदळलं. बाबासाहेब उचलून फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा खाली नदीत. पाय मोडला, कित्येक दिवस हिंडता आलं नाही.

नंतर त्यांना कळलं ते असं. गावातला एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. आणि आपल्या पाहुण्याला पायी आणणं महारवाड्याला कमीपणाचं वाटत होतं. म्हणून तडजोड निघाली. टांगा भाड्यानं द्यायचा, हाकणारा मात्र तुमचा तुम्ही आणा. महारवाड्यातला एक जण बसला लगाम धरून. त्यानं कधी टांगा हाकलेला नव्हता. पाहुण्याच्या मानापेक्षा पाहुण्याचा जीव मोठा आहे हे यजमान विसरले, एवढं बाबासाहेबांनी नोंदवलं आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या लिखाणात हे सगळं आहे.

आता सांगा, हा अपघात कुणी केला?

आजचा पोलीस पंचनामा झाला असता तर त्यात एकच ओळ आली असती. चालक अननुभवी, निष्काळजीपणा, सबब गुन्हा चालकावर. त्या बिचाऱ्या महाराला आत टाकला असता आणि प्रकरण बंद. बाबासाहेबांनी तसं केलं नाही. त्यांनी एकामागून एक कारणं मांडली. टांगेवाल्यांची जात, महारवाड्याचा मानी स्वभाव, हाकणाऱ्याचं अज्ञान, काटकोनातलं वळण, नसलेला कठडा. यातली एकेक कडी काढून बघा. टांगेवाला हाकायला आला असता तर पाय मोडला नसता. यजमान म्हणाले असते, साहेब, चालत जाऊ, तरी मोडला नसता. आणि हे सगळं जसंच्या तसं राहिलं असतं, हाकणारा तोच, घोडा तोच, चूक तीच, पण फरशीला कंबरभर भिंत असती आणि वळणावर जागा सोडलेली असती, तर टांगा निदान नदीत गेला नसता. कुणाचं मन बदलायची वाट न बघता तेवढं करता आलं असतं. टांगेवाल्याच्या मनातली जात काढायला शंभर वर्षं पुरत नाहीत, हे आपण बघतोच आहोत. भिंत बांधायला गवंडी आणि आठ दिवस लागतात.

मी भिवंडीला मागावर काम करतो. आमचे आजे लालबागला गिरणीत होते. १९८२ च्या संपात ते गेलं, आता त्या जागी टॉवर आहेत. आम्ही अजून गिरणीलाच जातो म्हणतो, पण गिरणी म्हणजे पत्र्याच्या शेडात कोंबलेले माग. रात्रपाळीला बारा बारा तास. एकेका माणसाकडं सहा माग, आठ माग. माग चालतो तेव्हा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडं गोळीसारखा जातो. कधी कधी तो मागातून सुटतो. सुटला की समोरच्याचा डोळा, नाहीतर कपाळ. याला उपाय काय? कामगाराला सांगायचं का, बाबा, तू लक्ष देऊन उभा राहा, धोटा सुटला की वाक? लक्ष देऊन उभा राहणार किती वेळ? पहाटे चारला डोळा लागतोच. माणूस आहे तो. म्हणून मागाला जाळी लावतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात २१ वं कलम होतं. फिरत्या चाकाला, यंत्राच्या हलत्या भागाला भक्कम कुंपण घातलंच पाहिजे. आता त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे. पण त्यामागचं तत्त्व कामगारांनी रक्त सांडून मिळवलेलं आहे. कामगार चुकणार, दमणार, पेंगणार, हे आधीच धरून चालायचं. त्याची चूक होईल तेव्हा त्या चुकीची किंमत त्याचा हात नसावी. मालक कोर्टात उभा राहून म्हणाला की त्यानं काळजी घ्यायला हवी होती, तर त्याला विचारायचं, कुंपण कुठं आहे? (शेठ लोक जाळी काढून ठेवतात, कारण तिच्यानं काम अडतं. ती वेगळी लढाई.)

मग महामार्ग हे यंत्र नाही का? चोवीस तास चालणारं, आठ आठ दहा दहा टनांचे धोटे इकडून तिकडं फेकणारं. त्याच्या बाजूला शाळा आहे, बाजार आहे, नळ आहे, एस.टी.चा थांबा आहे. आणि या यंत्राला कुंपण म्हणून काय लावलंय? पाटी. अति घाई संकटात नेई.

वेग दुप्पट झाला की आदळण्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३० च्या वेगाची गाडी पायी माणसाला लागली तर बहुतेक वेळा तो वाचतो. ६० ची लागली तर त्याला चौपट मार बसतो. हे गणित शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं आहे. तरीही गावाच्या पोटातून रस्ता न्यायचा, तो गाड्या ८० नं धावतील असा सपाट करायचा, आणि मग मेलेल्या म्हातारीबद्दल म्हणायचं की ती मधेच आली. म्हातारी मधे आली नाही हो. म्हातारी तिथंच होती. रस्ता मधे आला.

रस्त्यावर एक वर्णव्यवस्था आहे, ती एकदा उभं राहून बघा. वर मोठी गाडी, काचा लावलेली. मग ट्रक, एस.टी. मग रिक्षा-टेम्पो. मग मोटारसायकल. मग सायकलवाला. सगळ्यांच्या खाली पायी चालणारा, आणि पायी चालणाऱ्यांत डोक्यावर मोळी किंवा टोपली असलेली बाई. प्रत्येकाला खालच्यावर हॉर्न वाजवायचा हक्क आणि वरच्यापुढं बाजूला सरायचं कर्तव्य. बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती डोळ्यांनी बघायची तर पुस्तक नको, नाक्यावर दहा मिनिटं पुरतात. आणि मरणही त्याच उतरंडीनं वाटलं जातं. २०२२ च्या मेलेल्यांत दुचाकीवरचे होते ७४,८९७, पायी चालणारे ३२,८२५. दोन्ही मिळून दर तिघांत जवळजवळ दोघं.

मेल्यावर किंमत करतात तीही उतरंडीनंच. दावा न्यायाधिकरणात भरपाई ठरते ती मेलेल्याची कमाई गुणिले वयाप्रमाणं ठरलेला आकडा अशी. घरच्यांचं बुडालेलं उत्पन्न भरून द्यायचं, या हिशेबानं ते बरोबरही असेल. पण कमाईचा कागद साहेबाकडं असतो. नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुराकडं नसतो, घरकाम करणाऱ्या मावशीकडं नसतो, मासळी विकणारीकडं नसतो. मग कोर्ट अंदाज धरतं. ठोकर देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मेल्याचे दोन लाख, जबर जखमीचे पन्नास हजार. हे २०२२ पासून. त्याआधी वर्षानुवर्षं मेल्याचे पंचवीस हजार आणि जखमीचे साडेबारा हजार होते.

जखमींचं तर कुणी बोलतच नाही. मेला त्याची बातमी होते, पाय गेला त्याची होत नाही. आमच्या लाइनीत एक भाऊ आहे, हमाली करायचा. गाडी पायावरून गेली, मांडीपासून पाय काढला. वाचला म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले. आता तो दिवसभर खाटेवर बसून मुलांवर ओरडतो, बायको चार घरची भांडी घासते, मोठ्या पोरीची शाळा सुटली. ज्याचं पोट हातापायावर आहे त्याचा पाय जातो तेव्हा घरातल्या पाच जणांचा पाय जातो. सरकारी तक्त्यात तो एक जबर जखमी.

रस्त्यावर चालण्याचा हक्क आपल्याला कुणी सहज दिलेला नाही. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता. केरळात वैकमला देवळाभोवतालच्या नुसत्या रस्त्यावर पाय ठेवता यावा म्हणून १९२४-२५ साली सत्याग्रह करावा लागला. आणि आपल्या इथं? १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीनं निघाले, हरिहरेश्वरावरून सावित्रीच्या खाडीतून २५ तारखेला दुपारी दासगावच्या धक्क्याला लागले. हजारो सत्याग्रही तिथं वाट बघत होते. तिथून महाडपर्यंत पाच मैल ते सगळे रस्त्यानं चालत गेले, घोषणा देत, रांगेनं. त्याच रात्री मनुस्मृती जाळली. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला जी परिषद भरली तिच्या खटपटीत पुढं असलेले रा. ब. मोरे दासगावचेच. पुढं ते मुंबईत कामगारांचे पुढारी झाले. चवदार तळ्याबद्दलचं म्हणणं एवढंच होतं की सार्वजनिक पाणी सगळ्यांचं. रस्ताही तसाच सार्वजनिक. तळ्यावर जाण्याची बंदी उठली, पण तळ्यात विष कालवलं आणि वर पाटी लावली की जपून प्या, तर तो हक्क मिळाला असं कोण म्हणेल?

आज दासगाव ते महाड त्या पाच मैलांवर पायी निघून बघा. १९२७ ला बायका डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन चालल्या तशी आज एखादी आजी चालेल का? २० मार्चला, २५ डिसेंबरला लांबून लांबून आपली माणसं महाडला येतात, टेम्पोत उभी राहून, ट्रकच्या फाळक्याला धरून, लहान पोरं काखेत. तळ्यावर अभिवादन करतात आणि त्याच रस्त्यानं अंधारात परत जातात. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, दहा वर्षांनंतरही संपलेलं नव्हतं. अर्धवट पूल, कुठंही वळवलेला रस्ता, रात्री न दिसणारा मातीचा ढीग. मोठ्या गाडीतल्याला त्याचा त्रास झाला, त्यानं मोबाइलवर लिहिलं. दुचाकीवाला त्यात पडला, त्यानं काही लिहिलं नाही.

रस्त्याबद्दल लिहिताना सावित्रीच्या पुलाचं नाव आमच्या तालुक्यात टाळता येत नाही. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाड आणि पोलादपूरच्या मधला दगडी कमानींचा पूल, १९२८ सालचा, पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस.टी. गाड्या आणि एक खाजगी गाडी, माणसांसकट. तिथं कुठला ड्रायव्हर चुकला होता? कुणाला अति घाई होती? पुढच्या गाडीचे दिवे गेले आणि मागचा त्याच अंधारात गेला. पाणी महाडवरून, दासगावावरून बाणकोटला समुद्राला जातं. त्याच पाण्यातून पुढं कित्येक दिवस माणसं शोधत होते. पुलाशेजारच्या गॅरेजात काम करणाऱ्या एका परप्रांतीय कामगाराला हे दिसलं आणि त्यानं धावत जाऊन मागच्या गाड्या थांबवल्या, म्हणून आणखी गेल्या नाहीत. मे महिन्यात पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला सुरक्षित ठरला होता, हे सरकारनंच नंतर सांगितलं.

आणि मग? नवा पूल १६५ दिवसांत बांधला. ५ जून २०१७ ला रहदारी सुरू. ज्यांनी बांधला त्या मजुरांचं, इंजिनियरांचं कौतुक आहेच. पण मला हा आकडा टोचतो. १६५ दिवसांत होत होतं, तर ते माणसं वाहून जाण्याआधीचे १६५ दिवस का नव्हते? पैसे नाहीत, जमत नाही, वेळ लागतो, ही उत्तरं त्या दिवसापासून आमच्या तालुक्यात तरी कुणी देऊ नयेत.

दोन वर्षांनी, २८ जुलै २०१८ ला, आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. एकच माणूस वाचला. ट्रेकर पोरांनी आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांनी दोर लावून मृतदेह वर आणले. पुन्हा पेपरात घाट, पाऊस, नियती, काळाचा घाला.

कुणी म्हणेल, हा मुलगा ड्रायव्हरला मोकळा सोडतो. तसं नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं लायसन काढून घ्या, मी टाळ्या वाजवीन. पण ड्रायव्हर कोण आहे ते बघा. तो पण आमच्यासारखाच रात्रपाळीवाला. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा दिवसाला आठ तास सांगत होता. कुठल्या ट्रकवर ते आठ तास दिसले? खेपेवर पैसे मिळतात, वेळेत माल पोचला नाही तर कापले जातात. मग डोळ्यांत तंबाखूचं बोट फिरवून तो गाडी रेटतो. त्याला झोप लागते. झोप लागणं गुन्हा असेल तर त्या गुन्ह्यात मालक, व्यापारी आणि लवकर माल पाहिजे म्हणणारा गिऱ्हाईक, सगळे सामील.

कायद्याचा तराजू बघा. नव्या न्याय संहितेत १०६ व्या कलमाचं दुसरं पोटकलम आलं. अपघात करून न कळवता पळालेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ ला देशभर ट्रकवाल्यांनी संप केला, म्हणून १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवावं लागलं. आता दुसरं पारडं. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला १९८ अ हे कलम घातलं. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल ठरल्या दर्जाची नसल्यामुळं माणूस मेला किंवा लुळा झाला, तर त्या खात्याला, ठेकेदाराला, सल्लागाराला दंड. किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. स्टिअरिंग धरणाऱ्याला दहा वर्षं, वळण काढणाऱ्याला एक लाख. त्या तराजूतही उतरंड आहे.

स्वीडन नावाच्या देशात १९९७ साली संसदेनं ठराव केला की रस्त्यावर एकही माणूस मरणं किंवा कायमचा जायबंदी होणं मान्य नाही. शून्य हेच उद्दिष्ट. लोक हसले असतील. पण त्यांनी आमच्या मागाच्या जाळीचंच तत्त्व लावलं. माणूस चुकणारच, म्हणून रस्ताच असा करायचा की चुकीला माफी मिळेल. समोरासमोर धडक होते ना, मग दोन दिशांच्या मधे पोलादी दोरांचं कुंपण. चौकात मरतात ना, मग सिग्नल काढून गोल वळसा, म्हणजे वेग आपोआप कमी. वस्तीत ताशी ३०. तेव्हा तिथं वर्षाला साडेपाचशेच्या आसपास माणसं मरत होती, आता अडीचशेच्या आत मरतात, गाड्या वाढूनसुद्धा. श्रीमंत देश आहे, गोरी माणसं आहेत, म्हणाल. पण वस्तीच्या तोंडाशी वेग मोडणारा उंचवटा, झेब्रा पट्टा, एक दिवा, चालायला कठड्याआडची हातभर वाट, याला स्वीडनचा खजिना लागत नाही. लागते ती एकच गोष्ट. पायी चालणारी म्हातारी आणि मोटारीतला साहेब यांचा जीव सारखा आहे, हे आखणी करणाऱ्याला पटलेलं पाहिजे. साहेबाची दहा मिनिटं वाचतात की म्हातारीचा जीव, असा प्रश्न आला तर दर वेळी दहा मिनिटांकडं झुकणारी पेन्सिल मला रेघेवरूनच ओळखता येते. गावाची वेस आखणारी पेन्सिल तीच होती.

एक गोष्ट राहिली. रस्त्यात रक्तात पडलेल्या माणसाला आपल्याकडं कुणी हात लावत नाही. गर्दी जमते, गोल उभी राहते, फोटो काढते, हात लावत नाही. पोलिसांचं लचांड मागं लागेल, साक्षीला जावं लागेल, दवाखान्यात आधी पैसे भर म्हणतील. बाटणं कशाला म्हणतात ते त्या घटकेला सगळ्या जातींच्या माणसाला कळत असेल. तहान लागलीय, पाणी समोर आहे, आणि कुणी ओंजळ पुढं करत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ ला निकाल दिला, मग २०१९ ला कायद्यात १३४ अ हे कलम आलं. मदत करणाऱ्याला खटल्यात गोवता येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून जखमीवर सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न मागता करायची योजनाही आली आहे. हे गावागावांत, विहाराविहारांत वाचून दाखवलं पाहिजे. पहिला तास महत्त्वाचा म्हणतात. त्या तासात डॉक्टर नसतो, आपणच असतो. जखमीला हात लावा. मान वाकडी करू नका, रक्त वाहतंय तिथं कापड दाबून धरा, १०८ ला फोन करा.

आता दासगावचं. ब्लॅक स्पॉटची व्याख्या वर दिली आहे. त्यात नुसती मरणं नाहीत, जबर दुखापतीचे अपघात पण मोजतात. पण ते कागदावर असतील तर. आपल्याकडं मोटारसायकलवाला पडतो, हाड मोडतं, चार जण उचलून रिक्षात घालतात, पोलिसांत कुणी जात नाही. तो अपघात झालाच नाही. आपण तक्रार केली की साहेब वही उघडून दाखवतो, तुमच्या गावात तर एवढेच. म्हणून येत्या १ मेच्या ग्रामसभेला येताना ज्याला जे आठवतं ते लिहून आणा. गेल्या तीन वर्षांतलं. तारीख, वेळ, दिवस की रात्र, पाऊस होता का, कुठल्या वळणावर, कुठल्या थांब्यासमोर, पायी होता की गाडीवर. मेला तो, आणि पाय मोडून घरी बसला तोही. लिहिता येत नसेल त्यांनी विहारात संध्याकाळी यावं, पोरं लिहून घेतील. नारळ फोडतात त्या जागा तर आधी लिहा.